ही मम्मी कुणाची?

हो, मीच बोलतेय, संग्रहालयातल्या काचेआडची लाकडी पेटी. माझ्या पोटात तीन हजार वर्षांपासून एक बाई झोपली आहे. तुम्ही सगळे तिलाच बघायला येता. माझ्याकडे बघायला सवड आहे कुणाला!

मला घडवलं इजिप्तमधल्या एका सुताराने. लाकूड बेताचंच होतं, म्हणून त्याने तुकड्याला तुकडा जोडला, गाठी गिलाव्याने बुजवल्या. रंगाऱ्याने वर चेहरा काढला आणि छातीवर चित्रलिपीत तिचं नाव लिहिलं. नाव कुणी घेतलं की मेलेलं माणूसही जगतं, अशी त्या लोकांची श्रद्धा. आणि हात तरी काय होते त्यांचे! माझा रंग अजून उडालेला नाही.

इथल्या पाटीवर मात्र एवढंच होतं, ‘ममी, स्त्री, वय सुमारे चाळीस.’ लोक फोटो काढायचे, ‘बाप रे!’ म्हणायचे आणि पुढे सटकायचे. शेवटी संग्रहालयाच्या साहेबांनी आमच्या मार्गदर्शक बाईंना सांगून टाकलं, “अर्धा मिनिटही कुणी थांबत नाही. सोमवारी पेटी तळघरात हलवू.”

तळघरात तिचं नाव कोण घेणार?

शनिवारी सुनेचा हात धरून एक आजी आल्या. बाई ‘ममी, ममी’ करत माहिती सांगत होत्या. आजींनी मध्येच विचारलं, “अहो, पण ही मम्मी कुणाची?”

सगळे खो खो हसले. सून लाजून चूर. “आई, ती मम्मी नव्हे हो!”

बाई हसल्या नाहीत. त्या वाकून माझ्या कडेची ओळ वाचू लागल्या. “बरोबर विचारलंत, आजी. इथे लिहिलंय, ‘तिचं नाव जिवंत ठेवणाऱ्या मुलाने ही पेटी करवून घेतली.’”

“मग नाव काय बिचारीचं?”

बाईंना ते कधीपासून वाचता येत होतं, पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं. आजींनी ते दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा नीट म्हटलं. मग सुनेने म्हटलं, मग मागच्या सगळ्यांनी. मला अगदी भरून आलं.

साहेब दारातून बघत होते. अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. सोमवारी हमाल आले नाहीत, नवी पाटी आली. वर तिचं नाव, खाली ‘एका मुलाची आई’.

ते नाव मी इथे सांगणार नाही. हे सगळं मी मनातच बोलले; माझं तोंड रंगवलेलं, त्यातून आवाज कुठला फुटायला! ते तुमच्याच तोंडून यायला हवं. या, काचेपाशी जरा थांबा आणि तिला हाक मारा.