वरून आलेला आवाज

विवेकनं कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये बसवली आणि झाकण बोटानं हलकेच दाबलं. त्याच्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी जुनी गाणी ऐकायला जमणारी पाच-सहा डोकी पुढे सरसावली. भामा तेवढी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली होती, ती तिथेच राहिली.

“सिकंदराबाद, एकोणीसशे त्र्याहत्तर,” विवेक म्हणाला. “लायनेल पिंटोचा तोच कार्यक्रम, काका! कुणीतरी बाल्कनीत बसून रेकॉर्ड केलाय.”

काका म्हणजे भामाचा नवरा, अंबाजी. पिंटोला प्रत्यक्ष ऐकलेला या मंडळातला एकटा माणूस. बाकीच्यांना पिंटोचं स्विंग, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यावरचं गाणं, भेटलं ते तबकड्यांवर. त्यामुळे शहात्तराव्या वर्षी अंबाजीचा इथे भलताच मान होता. माइक बंद पडला, पिंटोनं तो बाजूला सारला, नुसत्या गळ्यानं गायला लागला, तेवढ्यात वरून एक पोरगी ओरडली आणि तो गात गात जिन्यानं थेट बाल्कनीत चढला, हे तो नेहमी रंगवून सांगे. पिंटोनं घाम पुसायला रुमाल कुठल्या खिशातून काढला, तेसुद्धा सांगे.

सांगत नसे ते एवढंच, की त्या संध्याकाळी तो तिथे नव्हताच. गेली होती भामा, जामबागच्या कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर. ओरडलीही तीच. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाहुण्यांसमोर ती ही गंमत बोलून गेली आणि सासू सगळ्यांदेखत म्हणाली, “चांगल्या घरची पोरगी अशी ओरडते का?” तेव्हा अंबाजीनंच सावरून घेतलं होतं. “ती कुठली जाते, मी गेलतो. माझंच ऐकून बोलतेय.” भामाला त्या दिवशी नवऱ्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! सासूला जाऊन आता तीस वर्षं झाली. याचं सावरणं काही थांबलं नाही.

टेपमधून खरखर आली, मग ट्रंपेट, मग पिंटोचा मऊ, लाडावलेला आवाज. मध्येच तो पार बारीक झाला. माइक गेला होता. आणि अगदी कानाशी एक पोरगी ओरडली,

“ऊपर नै सुनाई देरा, साब!”

भामानं हातातला कप खाली ठेवला. वीस वर्षांची होती ती तेव्हा. इतकं मोकळं आपण कधीकाळी बोलत होतो, हे ती विसरूनच गेली होती.

“थांबव, थांबव,” मंडळातला हर्षद म्हणाला. मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या या गृहस्थाला कुठलीही गोष्ट सुखासुखी पटत नसे. “हे सगळं ठरवलेलं आहे. माइक जातो काय, लगेच पोरगी ओरडते काय! ती त्यांचीच बसवलेली. पिंटो गायक बेताचाच होता, नाटकी मात्र पक्का.”

“काही काय! काका तिथे होते,” विवेक म्हणाला.

“काका खाली बसले होते. वर कोण होतं ते त्यांना काय माहीत? सांगा काका, पोरगी खरी कशावरून?”

अंबाजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग भामाकडे पाहिलं. तीही सरळ त्याच्याकडेच पाहत होती. एक वाक्य पुरेसं होतं. आपण ते ऐकायला किती वर्षं थांबलोय, हे तिला त्या क्षणी कळलं आणि स्वतःचाच राग आला.

“हौ,” अंबाजी म्हणाला. “तुम्ही बोलताय तेच असंल. बसवलेलीच असणार. चांगल्या घरची पोरगी अशी ओरडते का?”

हर्षद खूश झाला. विवेकचा चेहरा पडला.

“परत लावा जरा,” भामा म्हणाली.

या मंडळात ती कधी बोलत नसे, त्यामुळे विवेकनं लगबगीनं टेप मागे घेतली. ट्रंपेट झालं, माइक गेला, आणि टेपमधल्या पोरीबरोबर भामाही म्हणाली, “ऊपर नै सुनाई देरा, साब!” आवाज म्हातारा झाला होता, पण हेल तोच होता. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

मग विवेक हसला. “काकूंना तर पाठ आहे! काका, किती वेळा ऐकवलंत हो बिचाऱ्यांना?”

सगळेच हसले. अंबाजी जरा उशिरा हसला, पण हसला.

टेप पुढे चालली. जिन्यावर बूट वाजले, गाणं जवळ जवळ येत गेलं आणि खट्ट होऊन कॅसेट संपली.

“अरेरे!” विवेक हळहळला. “वर आल्यावर त्यानं काय केलं, काका?”

“ते पुढच्या रविवारी,” म्हणत अंबाजी उठला.

भामानं ते त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंही कधी विचारलं नव्हतं. पिंटो सरळ तिच्या खुर्चीपाशी आला होता. वाकून त्यानं तिचं नाव विचारलं होतं आणि कठड्याला टेकून ते सगळ्या हॉलला मोठ्यानं सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जिना उतरताना अंबाजीनं नेहमीसारखा तिच्या खांद्यावर हात टेकला. एक मजला उतरल्यावर त्यानं विचारलं,

“भामा, वर येऊन काय केलं गं त्यानं? रविवारी सांगावं लागंल.”

ती दोन पायऱ्या पुढे झाली. त्याचा हात खांद्यावरून घसरला, त्यानं घाईनं कठडा धरला.

“मला काय माहीत?” ती मागे न बघता म्हणाली. “तुम्ही होता ना तिथं.”