एका नावाचे दोन धनी

दंतवैद्याचं दुखणं असं, की त्याचं स्वतःचं नाव त्याला मिळत नव्हतं.

रस्त्यात एका नावाची छप्पन्न माणसं हिंडली तरी कुणाचं काही बिघडत नाही. इंटरनेटवर मात्र एका पत्त्याचा धनी एकच. दंतवैद्याचं नाव, आडनाव आणि पुढे डॉट कॉम, हा पत्ता बारा वर्षांपूर्वीच चित्रकलेच्या एका निवृत्त मास्तरांनी घेऊन ठेवला होता. मास्तरांचा गुन्हा एवढाच, की त्यांचंही नाव तेच होतं. त्या पत्त्यावर त्यांच्या दिवंगत पत्नीने जमवलेल्या नऊशे काड्यापेट्यांचे फोटो होते.

दंतवैद्याचे पेशंट एका हाताने दाढ धरून नाव टाइप करत आणि थेट काड्यापेट्यांवर जाऊन आदळत. मास्तर प्रत्येकाला मेलने उत्तर देत : ‘दात काढणारे ते दुसरे. तूर्त लवंग धरा.’ निम्म्यांची दाढ लवंगेवरच थांबे.

दंतवैद्याने दाताच्या कण्या केल्या. मास्तर म्हणाले, “अरे बाबा, तुझे दवाखाने दोन आहेत. हिचं घर तेवढं एकच उरलंय.”

मग तो मुदतीवर टपून बसला. कारण असलं नाव कायमचं मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं. मुदत संपली की नावं देणारी कंपनी जुन्या धन्याची दोन-अडीच महिने वाट पाहते. तोवर त्याने हूं की चूं केलं नाही, तर नाव उघड्यावर पडतं आणि आधी हात घालेल त्याचं होतं.

मुदतीच्या पंधरा दिवस आधी मास्तर पडले. खुबा मोडला. बातमी ऐकून दंतवैद्य शीळ घालायचा तेवढा राहिला. पिशवीभर संत्री घेऊन तो हॉस्पिटलात गेला, आणि मग रोजच जाऊ लागला.

“डोळ्यांना ताण नको, सर. फोन द्या इकडे, मी वाचून दाखवतो.”

तो खरंच वाचून दाखवी. भाचीची खुशाली, जुन्या विद्यार्थ्यांचे नमस्कार, सगळं. फक्त कंपनीची मेल आली की न उघडताच उडवी, आणि मग कचऱ्याच्या डब्यातूनही उडवी. स्वच्छतेची त्याला धंद्यामुळे सवयच होती.

“रक्ताचं नातं नाही हो, सिस्टर. नुसतं नावाचं,” मास्तर सांगत.

“असा मुलगा नशिबाने मिळतो, सर,” सिस्टर म्हणे. दंतवैद्य खाली मान घालून संत्रं सोलत राही.

मुदत संपली. मास्तरांचं हाड जुळेना, वर फुप्फुसात पाणी झालं. वाट पाहण्याचेही दिवस सरले आणि नाव सुटायची दुपार आली. दवाखान्यातल्या खुर्चीत एक बाई होत्या. त्यांना “आ करूनच ठेवा” असं सांगून दंतवैद्य फोनकडे वळला आणि ठरल्या क्षणी त्याने बटण दाबलं. पण असली बेवारस नावं टिपायला कुठेकुठे यंत्रं बसवलेली असतात, त्यांना अंगठा हलवावा लागत नाही. पातं लवायच्या आत नाव भलत्याच कुणाचं झालं. बाई अजून आ करूनच होत्या.

दोन दिवस तो तोंड पाडून बसला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेला, तर मास्तर खुशीत.

“आलं का रे तुझ्याकडे?”

“काय, सर?”

“नाव! तू यायला लागलास ना, त्याच्या चौथ्याच दिवशी मी सिस्टरच्या फोनवरून कंपनीला कळवलं, नाव आमच्या डॉक्टरला देऊन टाका. नाव दुसऱ्याकडे वळवायचे गुप्त अंक मेलवर पाठवतो म्हणाले. म्हटलं, फोन याच्याच हातात, दिसतीलच. पण तूही पक्का! एका शब्दाने बोलला नाहीस!”

दंतवैद्य सोललेलंच संत्रं पुन्हा सोलू लागला.

“आता एकदा दाखव. हिच्या पेट्या एका कोपऱ्यात ठेवल्या असशील.”

तो काही बोलायच्या आत सिस्टरने उत्साहाने स्वतःच्या फोनवर पत्ता उघडला आणि मास्तरांसमोर धरला. दात पांढरे करायच्या पावडरीची जाहिरात. पडदाभर नुसती हसरी बत्तीशी.

मास्तरांनी पडदा वरखाली सरकवून पाहिला. दातांची जाहिरात, म्हणजे डॉक्टरचीच.

“एक कोपराही नाही ठेवलास?”

खरं सांगायचं, तर मेल उडवल्याचं सांगावं लागणार होतं, आणि सिस्टर समोर होती. दंतवैद्याने दोन्ही पापं तोलून पाहिली आणि हलकं ते उचललं.

“जागा नव्हती, सर,” तो म्हणाला.