दोन रकान्यांमधली चूक

अर्जाची मुदत पाच वाजता संपणार होती आणि तीन वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातला फोन वाजला. संघमित्राने तो उचलला, कारण उचलायला दुसरं कुणी नव्हतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं, वेबसाइट बनवणारं त्यांचं चार माणसांचं ऑफिस. दोघं सुट्टीवर, आणि मालक हर्षद आत दुसऱ्याच कुणाशी तरी कॉलवर.

"मॅडम, फॉर्म जात नाहीये," पलीकडून एक बाई म्हणाली. "सकाळपासून नऊ वेळा भरला. बटण दाबलं की पान हलतं आणि परत तिथंच येतं."

"खाली कुठे लाल अक्षरांत काही लिहून येतंय का?"

"काहीच नाही. म्हणून तर फोन केला."

एका संस्थेच्या रुग्णसहायक अभ्यासक्रमाचा हा अर्ज; अडचण आली तर म्हणून त्याच्याखाली याच ऑफिसचा नंबर दिला होता. संघमित्राने तो पहिल्या ओळीपासून एकटीने बनवला होता. दोन वर्षांच्या नोकरीतलं तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. मोबाईलचा आकडा कमी पडला, पिनकोड चुकला, की त्या रकान्याखाली लगेच लाल ओळ यायची. ते तिने वीस वेळा तपासलं होतं. त्यामुळे तिला वाटलं, बाईंचंच काहीतरी चुकत असणार.

"ताई, नेट नीट आहे ना तुमच्याकडे?"

"नेट नीट आहे. मुलुंडला झेरॉक्सवाल्याकडे बसलेय. माझ्यासमोर तिघांचे फॉर्म गेले, माझाच जात नाही." बाईंचा आवाज चढला. "चारला माझी ड्यूटी आहे हो. मी हॉस्पिटलात आया आहे, उशिरा गेले तर सिस्टर आत घेत नाहीत."

त्यांचं नाव जयंती पाडावे. संघमित्राने त्यांना एकेक रकाना वाचून दाखवायला सांगितलं आणि ऐकता ऐकता तोच अर्ज स्वतःच्या संगणकावर भरत गेली. नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण. बटण दाबलं. पान हललं आणि परत आलं. सगळे रकाने जसेच्या तसे भरलेले, आणि एक अक्षर कुठे लाल नाही.

तिने पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, मी पाच मिनिटांत फोन करते."

"पाचच ना? नक्की?"

ती उठली, पाणी प्यायला गेली, न पिताच परत आली. चूक तिला कळली होती. काही चुका एका रकान्याच्या नसतात, दोन रकान्यांतलं एकमेकांशी जुळलं नाही की होतात. अर्ज ज्या तयार सांगाड्यावर बांधला होता ते फ्रेमवर्क अशा चुका वेगळ्या बाजूला ठेवतं आणि त्या पानाच्या डोक्यावर दाखवायची एक ओळ आपण लिहायची असते. ती ओळ तिने लिहिली होती. तीन आठवड्यांपूर्वी संस्थेच्या लोकांना पान दाखवायच्या दिवशी वरती एक रिकामी गुलाबी पट्टी उगाच दिसत होती, म्हणून घाईत तिनेच ती काढली. नंतर टाकू म्हणून. ते नंतर आलंच नाही.

ती सरळ केबिनमध्ये शिरली. हर्षदने फोनवर हात ठेवला.

"एक ओळ टाकायचीय. आत्ता."

"शेवटच्या दिवशी सर्व्हरला हात लावायचा नाही, ठरलंय ना आपलं? मिनिटाला दोन फॉर्म येतायत."

"ज्यांचे येत नाहीयेत त्यांना कारणच दिसत नाहीये, हर्षद. पान नुसतं परत येतंय."

"आणि तुझ्या एका ओळीने साइट बसली तर? सगळ्यांचीच वाट लागेल."

"बसली तर माझं नाव सांग."

त्याने फोनवरच्या माणसाला 'नंतर बोलतो' सांगितलं. मग म्हणाला, "टाक. पण आधी टेस्ट साइटवर बघ."

तिने टेस्टवर बघितलं, मग खऱ्या साइटवर चढवलं. चार वाजायला बारा मिनिटं होती. तिने जयंतीताईंना फोन लावला.

"आता परत बटण दाबा. या वेळी वरती काहीतरी लिहून येईल, ते मला वाचून दाखवा."

पलीकडे माउसचा टक्क आवाज झाला. मग जयंतीताई वाचू लागल्या, शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं, शब्द सुटे करून.

"जन्मतारीख आणि दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष जुळत नाही. कृपया खरी माहिती भरा."

मग त्यांनी ते मनाशीच पुन्हा एकदा वाचलं. मागे झेरॉक्सचं यंत्र चालू होतं.

"ताई?"

"माझा जन्म पंच्याऐंशीचा," जयंतीताई म्हणाल्या. "दहावी दोन हजार एकोणीसला झाले. रात्रशाळेत. दिवसा वॉर्ड आणि संध्याकाळी शाळा. सर्टिफिकेट पिशवीत आहे माझ्या. यात खोटं काय आहे?"

संघमित्राने स्वतःच्या पडद्यावर तो नियम उघडला. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. चाचणी करताना कुणीतरी दहावीचं वर्ष दोन हजार एकतीस टाकलं होतं, तेव्हा तिने नियम घातला: दहावी वयाच्या चौदा ते वीस या वर्षांत झालेली असावी. वीस का, तर वीस पुरेसं वाटलं म्हणून. तिचे स्वतःचे वडील कामाला लागल्यावर, सव्विसाव्या वर्षी दहावी झाले होते. हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि नियम लिहिताना ते एकदाही आठवलं नव्हतं.

"खोटं काही नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. फॉर्म मीच बनवलाय. तुम्ही ड्यूटीला जायच्या आत करते."

या वेळी तिने हर्षदला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तो म्हणाला, संस्थेला विचारल्याशिवाय नियम बदलता येत नाही. तिने विचारलं, नियम संस्थेने कधी दिला होता? त्याने जाहिरात उघडून पाहिली. वयाची वरची अट संस्थेच्या जाहिरातीत नव्हतीच. तिने वीसचा आकडा काढला आणि वर्ष भविष्यातलं नसावं एवढंच ठेवलं. घाईत एकच शब्द दोनदा चुकीचा टाइप झाला.

चार वाजून सहा मिनिटांनी जयंतीताई म्हणाल्या, "गेला. नंबर आला." मागे झेरॉक्सवाला कुणाला तरी 'बसा' म्हणाला.

"ड्यूटीला उशीर झाला ना?"

"झाला. बघते काय ते." फोन ठेवायच्या आधी त्या थांबल्या. "मॅडम, ते वाक्य काढा तिथून. मी वाचलं ते वाचलं, दुसऱ्या कुणी वाचायला नको."

संघमित्राने ते वाक्य बदललं. मग तिने सर्व्हरची नोंद उघडली आणि ती मोजायला बसली. गेल्या एकोणीस दिवसांत त्याच नियमाने एकशे बारा वेळा अर्ज परत पाठवला होता. दहा वेळा जयंतीताईंचा, एकदा तिने स्वतः भरून पाहिलेला. बाकीचे कुणाचे, हे कळायला मार्ग नव्हता. नाकारलेला अर्ज साठवलाच जात नाही. नाव नाही, नंबर नाही, नुसती वेळ. सकाळी साडेसहा. दुपारी दोन. रविवारी लागोपाठ पाच वेळा, मग काहीच नाही.

तिने हर्षदला ते दाखवलं.

"मुदत संपल्यावर कुणाला कळणार पण नाही," तो म्हणाला, पण हळू आवाजात.

"मला कळलंय ना."

"अगं, क्लायंट जाईल आपला."

"म्हणून मी लिहिते. माझ्या नावाने."

पाचला अर्ज आपोआप बंद झाला. साडेपाचला तिने संस्थेच्या संचालकांना पत्र पाठवलं: काय चुकलं, किती दिवस, कुणामुळे. पाठवण्याआधी हर्षदने ते वाचलं आणि 'माझ्यामुळे'च्या जागी 'आमच्यामुळे' केलं. घाटकोपरला घरी जाईपर्यंत तिने मेल अकरा वेळा उघडून पाहिला. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. संचालक रागावले होते, पुढचं काम द्यायचं की नाही यावर विचार करू असं लिहिलं होतं. आणि आठ दिवस मुदत वाढवली होती.

ते आठ दिवस संघमित्राचं दुसऱ्या कामात लक्ष लागलं नाही. तिने साइटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की दहावी कोणत्याही वयात झालेली असली तरी चालेल, आधी अर्ज परत आला असेल तर पुन्हा भरा. रात्रशाळांचे नंबर शोधून एकेकीला फोन केले. जेवतानाही ती येणारे अर्ज पाहत राहिली. त्र्याहत्तर सालचा जन्म आणि दहावी दोन हजार बावीस. मग नव्वदची एक. एका दिवशी कुणीच नाही. शेवटी असे एकोणीस अर्ज आले.

महिन्याभराने निवडयादी तिनेच साइटवर चढवली. जयंती पाडावे प्रतीक्षायादीत चौथ्या होत्या. दुसऱ्या फेरीत त्यांना जागा मिळाली. फोन करावा असं संघमित्राला वाटलं, नंबरही काढला, पण लावला नाही. त्या आठवड्यात ती नव्या कामाचं पान बनवत होती. नीट भरलेले अर्ज जातात की नाही हे तिने पटकन पाहून घेतलं, आणि बाकीचा सगळा दिवस ती मुद्दाम अर्ज चुकीचे भरून, काय लिहून येतं ते वाचत बसली.