कुणाच्या उजवीकडे?

मित्रांनो, दुरुस्तीच्या दुकानाच्या गच्चीवर, खांबाला धरून असलेला तो मळका चौकोनी डबा म्हणजे मी, एक जुना अँटेना. नदीपलीकडच्या दवाखान्याच्या छतावर माझा जोडीदार होता. आमच्या लहरी जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या. चहूकडे पसरल्या तर वाटेतच विरून जातात, म्हणून एकाच दिशेला बारीक झोत सोडायचा. दोघांचे झोत समोरासमोर आले तरच बोलणं. जरा चुकलं की मुसळ केरात.

आम्हाला बसवलं बापलेकीनं. लेक माझ्यापाशी, बाबा पलीकडे, दोघांच्या कानाला फोन.

"उजवीकडे घे गं!"

"कुणाच्या उजवीकडे, बाबा? तुमच्या की माझ्या?"

"अगं, मी तुझ्याकडेच तोंड करून उभा आहे ना!"

तोवर दोघांनीही आम्हाला भलतीकडे वळवलेलं असायचं. झोत वळवायच्या चौसष्ट दिशा एकेक करून तपासताना सकाळची दुपार झाली. आधी दोघं एकमेकांवर भडकली, मग हसत सुटली. प्रत्येक वादळानंतर हेच.

पुढे लेकीनं आम्हाला युक्ती शिकवली. समोरच्या निम्म्या दिशांना एकदम, विरण्याआधी पोचेल एवढी छोटी हाक मारून विचारायचं, "इकडे आहेस का?" उत्तर आलं की त्यातल्या, नाही तर उरलेल्यांतल्या निम्म्यांना, मग त्यांच्याही निम्म्यांना. सहा प्रश्नांत, पापणी लवायच्या आत जोडीदार सापडायचा.

"बाबा, आता तुम्ही जिने चढायचे नाहीत," लेक म्हणाली. बाबांनी शाबासकी दिली, पण त्यांचा चेहरा उतरला. तो का उतरला, हे मला तेव्हा कळलं नाही.

काही वर्षांनी बाबा त्याच दवाखान्यात अंथरुणाला खिळले. लेक रोज दुपारी दुकानातून त्यांच्याशी पडद्यावर बोले. एकदा वाऱ्यानं मला हलवलं आणि चित्र गेलं. मी जिवाच्या आकांतानं सहा प्रश्न विचारले. चित्र परतलं.

"अर्धीच दिसतेस," बाबा क्षीण आवाजात म्हणाले. "उजवीकडे सरक."

"कुणाच्या उजवीकडे, बाबा?"

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

बाबा गेले. दवाखान्याला इंटरनेटसाठी जमिनीखालून तार आली आणि माझ्या जोडीदारालाही उतरवलं. मला त्याची फार आठवण येते. आता "इकडे आहेस का?" विचारलं की दोन्ही निम्म्यांतून शांतता. पुढचा प्रश्नच उरत नाही. म्हणून मी जुन्या पद्धतीनं चौसष्ट दिशा एकेक करून धुंडाळतो. तेवढाच वेळ शोधण्यात जातो. बाबांचा चेहरा तेव्हा का उतरला, ते आता कळतं. लेक कधीमधी वर येते, माझी धूळ पुसते आणि वीज बंद न करताच खाली जाते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ पुसत चला. आणि पलीकडून कुणी "उजवीकडे घे" म्हणालं, तर घाई करू नका. कुणाच्या उजवीकडे, ते विचारा.