भागम्माचा रकाना

पूर्णेच्या टेसनावरच्या गुरुपादबाबूंना इंग्रजी येतं, ही गोष्ट पार वसमतपर्यंत माहीत होती. कुणाची तार आली, कुणाला साहेबाकडं अर्ज करायचा झाला, की माणूस त्यांच्या टेबलापुढं येऊन उभा राहायचा. हेडक्लार्क असूनही बोलणं गोड. कपाळाला भस्म, डोक्याला पांढरा रुमाल, आणि कुणाला नाही म्हणणं ठाऊक नाही. लोक म्हणायचे, देवमाणूस हाय. एवढा गोड माणूस एवढा गोड कशापायी झाला, हे काही कुणी विचारलं नाही. गोडाची चौकशी कोण करतो?

सत्तेचाळीस सालची संक्रांत नुकतीच झाली होती. डाकेत एक विलायती पाकीट आलं. वर लिहिलेलं, 'पाद्रीसाहेब, पूर्णा जंक्शन'. पूर्णेला पाद्री राहतच नव्हता. रेल्वेत गोरे ड्रायव्हर भरपूर होते तेव्हा सिकंदराबादेहून महिन्यातनं एक वेळ यायचा, प्रार्थना उरकून पुढच्या गाडीनं परत. आता तेही बंद झालं होतं. चर्चच्या कपाटाची किल्ली तेवढी गुरुपादबाबूंकडं होती, म्हणून पाकीट त्यांच्या टेबलावर आलं. त्यांनी फोडलं, सवयीनं आधी खालची सही बघितली. सही होती एडिथ ग्रेसन.

एडिथ त्यांची भाची होती. सख्ख्या बहिणीची लेक. आणि हे त्या पोरीला माहीत नव्हतं.

तिनं लिहिलं होतं की मी एकोणीस वर्षांची आहे, वडिलांच्या गावी आत्याकडं वाढले. त्या गावच्या चर्चमध्ये जन्माच्या, लग्नाच्या, पुरण्याच्या वह्या आहेत, दोनशे वर्षं मागं जातात. शंभर वर्षांपूर्वी सरकारनं माणसं मोजली त्याचे कागदही बघायला मिळतात. दोन हिवाळे बसून मी माझ्या पिढ्या काढल्या. खापरपणजा मेंढपाळ होता, त्याची बायको दुसऱ्या गावची, त्यांची अकरा लेकरं, त्यातली चार जगली. आपल्याकडं हेळवी बैलावर बसून येतो आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो, तसं पोरीनं एकटीनं सगळं उतरवलं होतं. सोबत एक मोठा कागद होता, चौकोन आखलेला. चौकोनाचौकोनात नावं. वडिलांच्या बाजूचा एकेक चौकोन भरलेला, आणि आईचा रिकामा.

पुढं लिहिलं होतं: 'माझ्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईची जागा कोरी आहे. वडील वारले तेव्हाच्या रेल्वेच्या कागदात एवढंच आहे, की घरात एक नोकरबाई होती. ती मला थोडी आठवते. सकाळी ती डाव्या तळहातावर एक काळा गोळा ठेवून त्याच्याकडं टक लावून बघायची. मी मध्ये लुडबुडले तरी रागावायची नाही, मांडीवर घ्यायची. ती बाई जिवंत असेल तर कृपा करून तिला विचारा. माझी आई कोण होती, हे तिला नक्की ठाऊक असेल.'

गुरुपादबाबूंनी पत्राची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शेजारचा क्लार्क काय पत्र म्हणून विचारायला लागला, तर म्हणाले, कुणीतरी चर्चची चौकशी करतंय.

आता ही भानगड काय होती ते सांगतो.

बाबूंचे वडील नागप्पा. टेसनासमोर त्यांचं किराणा दुकान होतं. थोरली लेक भागम्मा विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि दुकानात बसायला लागली. ग्रेसनसाहेब ड्रायव्हर चहापत्ती घ्यायला यायचा. कसं जमलं ते त्या दोघांना ठाऊक, पण दोन वर्षांनी भागम्मा सरळ उठून त्याच्या बंगल्यावर राहायला गेली. नागप्पांनी भर बाजारात सांगून टाकलं की आमची लेक मेली. तिथं तिला मुलगी झाली. साहेबानं तिला चर्चमध्ये नेऊन एडिथ म्हटलं, आईनं घरात गौरा म्हटलं. पाद्रीनं आईचं नाव वहीत घालायला नकार दिला, लग्न झालेलं नाही म्हणून. तिथवर गुरुपादाचा काही दोष नव्हता.

एकतीस साली मर्दुमशुमारी झाली, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजायचं सरकारी काम. रेल्वेच्या बंगल्यांचे कागद इंग्रजीत भरायचे होते, ते पंचवीस वर्षांच्या गुरुपादाच्या अंगावर पडले. तेव्हा एक कायदा होता. पुष्कळ घरांत बायकांचं नाव परक्याला सांगत नसत, तर तिथं नावाच्या रकान्यात नुसतं 'औरत' लिहून पुढं जायचं. हुकूमच तसा होता. गुरुपाद गेरूचा डबा घेऊन बंगल्याच्या दारावर नंबर टाकायला गेला, तेव्हा भागम्मानं त्याला चहा केला. तीन वर्षांची गौरा त्याच्या धोतराला लोंबत होती. मामा, मामा करीत होती.

पण त्याच महिन्यात त्याची सोयरीक ठरत होती. मुलगी उदगीरची, उमादेवी. मध्यस्थ तिचे मामा कल्याणराव, परभणीच्या तहसिलीत मोठे कारकून, आणि सगळे कागद तपासणीला त्यांच्याच टेबलावर जायचे. साहेबाच्या बंगल्यात भागम्मा, जात लिंगायत, जन्म पूर्णा, असं वाचलं असतं तर त्यांनी चौकशी केली असती. पाचावर धारण बसली पठ्ठ्याची. त्यानं नावाच्या रकान्यात लिहिलं 'औरत'. जातीच्या रकान्यात 'माहीत नाही'. आणि धंद्याच्या रकान्यात, कुणी विचारलं नव्हतं तरी, 'घरनोकर'. कागद वाळायला ठेवून त्यानं बहिणीच्या हातचा चहा पिला.

लग्न झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढल्या साली ग्रेसनसाहेब तापानं गेला. पोरीचं काय करायचं, याची चौकशी करायला सिकंदराबादेहून एक अधिकारी आला. चर्चची वही काढली, तर आईची जागा कोरी. मग टेसनातली मर्दुमशुमारीची नक्कल काढली. त्यात घरनोकर. भागम्मा दारात उभी होती, लेक कडेवर. ती मराठीत सांगत होती की लेकरू माझं हाय, आणि साहेबाला कळावं म्हणून भावाकडं बघत होती. भाऊच दुभाषी होता ना! अधिकाऱ्यानं कागदावर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, हे तू लिहिलं आहेस, बरोबर आहे का? गुरुपाद म्हणाला, बरोबर आहे साहेब. बहिणीनं विचारलं, काय म्हणाला रे? तर तिला सांगितलं, त्यांचा कायदाच तसा हाय अक्का, आपलं काही चालत न्हाई.

तिसऱ्या दिवशी एका मडमेसोबत पोरगी गाडीत बसली. भागम्मा डब्याची कांब धरून फलाटाच्या टोकापर्यंत पळाली, ते सगळ्या टेसनानं बघितलं.

त्यानंतर गुरुपादानं सेलूला एका जिनिंगमध्ये तिला कापूस निवडायचं काम लावून दिलं, राहायला खोली बघून दिली. ती त्याला देव मानायची. दर शिवरात्रीला ओळखीच्या गार्डाच्या हाती राजगिऱ्याचे लाडू पाठवायची. बाबू ते लाडू घरी आणायचे, उमादेवी लेकरांना वाटायची, आणि स्वतः बाबू म्हणायचे, मला गोड चालत नाही.

तर असं ते पत्र महिनाभर कोटाच्या खिशात होतं. उमादेवी म्हणायची, तुमी जेवेनात, झोपेनात, काय होतंय? बाबू म्हणायचे पित्त झालंय. दोनदा उत्तर लिहायला बसले, की सदर बाई हयात नाही. दोनदा फाडलं. माणूस वाईट नव्हता हो, भित्रा होता. पण भित्र्याच्या हातून वाइटाइतकंच नुकसान होतं.

शिवरात्रीला गार्ड गाठोडं घेऊन आला. लाडू होते, आणि निरोप होता. भागम्मानं सांगितलंय म्हणाला, सगळ्यांनी टाकलं पण माझ्या भावानं न्हाई टाकलं, तेवढ्यावर मी जगले. गुरुपादबाबूंनी एक लाडू तोंडात घातला. तो काही केल्या गिळता येईना.

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते सेलूला गेले. भागम्मा खोलीपुढं ज्वारी पाखडत बसली होती. केस पिकलेले, त्यात कापसाचे बारीक पुंजके अडकलेले. घरी सगळं बरं हाय ना, म्हणून तिनं विचारलं. बाबू म्हणाले, "गौराचं पत्र आलंय."

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "वाच."

ते एकेक ओळ मराठीत सांगत गेले. मेंढपाळ, अकरा लेकरं, रिकामा चौकोन. ती मान डोलवत होती. मग ती ओळ आली. एक शब्द बदलला असता तरी भागलं असतं, तिला कळायचं काही कारण नव्हतं. सोळा वर्षांपूर्वीही असाच एका शब्दाचा मामला होता. पण बाबूंनी होतं तसं वाचलं. घरात एक नोकरबाई होती, तळहातावर काळा गोळा ठेवायची, तिला विचारा माझी आई कोण.

भागम्माचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. बराच वेळ तिथंच राहिला.

"लहान होती," ती म्हणाली. "पण नोकरबाई हे तिला कुणी सांगितलं?"

"मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गेरूचा डबा, कल्याणराव, रकाना, अधिकाऱ्यानं काय विचारलं आणि आपण काय म्हणालो. रडत होते, नाक पुसत होते. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपलं तेव्हा रस्त्यानं कापसाच्या दोन गाड्या गेल्या, त्या जाईपर्यंत ती गाड्यांकडं बघत होती.

"पंधरा वर्सं मी गोऱ्याच्या कायद्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "आन् तुला लाडू धाडले."

बाबू तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. तिनं पाय आखडून घेतले.

"ते ऱ्हाऊ दे. कागद आणलास का? लिही."

ती सांगत गेली आणि ते इंग्रजीत लिहीत गेले. तुझी आई भागम्मा, नागप्पाची लेक, पूर्णेची. जिवंत हाय. तुझं नाव गौरा ठेवलं होतं. तुला भिजवलेले शेंगदाणे लय आवडायचे. तळहातावर होता तो आमचा देव. तुला कुणाला दिली न्हाई, नेली. एवढं झाल्यावर ती थांबली. मग म्हणाली, मामाचं नाव लिही. मामानं काय केलं तेबी लिही. बाबूंचा टाक कागदावर अडला. मग त्यांनी तेही लिहिलं. कुठंही स्वतःला वाचवलं नाही, हे आपण त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. चौकोनांच्या कागदावर रिकाम्या जागी आईचं नाव घातलं, आणि सगळं पहिल्यापासून तिला मराठीत वाचून दाखवलं.

ऐकून झाल्यावर तिनं कागद हातात घेतला. अक्षरांवरनं बोट फिरवलं.

"तू खरंच लिहिलं असशील," ती म्हणाली. "पण मला इंग्रजी येत न्हाई, गुरुपाद. तवाबी येत नव्हतं."

ती उठली, पायात वहाणा घातल्या आणि चल म्हणाली, टेसनावर. ती पुढं आणि हे मागं. वाटेत दोघं-तिघं बाबूंना राम राम म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

सेलूचे स्टेशनमास्तर दिनकरराव. नोकरीला नवे असताना पूर्णेला गुरुपादबाबूंच्या हाताखालीच काम शिकलेले. त्यांनी लगबगीनं खुर्ची पुढं केली. भागम्मानं कागद त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाली, मास्तर, हे मला वाचून सांगा. दिनकरराव गोंधळून बाबूंकडं बघायला लागले. म्हणाले, बाबूजी स्वतः इथं असताना मी काय वाचू?

"त्यांनी लिवलंय," भागम्मा म्हणाली. "म्हणून तुमच्याकडून ऐकायचंय."

दिनकररावांनी वाचायला सुरुवात केली. खणखणीत आवाज होता त्यांचा, गाडीच्या वेळा सांगून सांगून झालेला. दाराशी दोन हमाल थांबले, तिकिटाच्या खिडकीवरचा पोर्टर आत आला. मामाच्या ओळीपाशी आवाज खाली आला. एकदा त्यांनी वर बघितलं, बाबूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर लावली. हमाल एकमेकांकडं बघून बाहेर सरकले. मास्तरांनी शेवटपर्यंत वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"सुरवातीचं तेवढं परत वाचा," भागम्मा म्हणाली. "आईचं नाव हाय ते."

"तुझी आई भागम्मा," दिनकररावांनी वाचलं. "नागप्पाची लेक, पूर्णेची. जिवंत आहे."

"हां," ती म्हणाली. "तसंच हाय."

तिनं पत्र आणि चौकोनांचा कागद नीट घडी करून पाकिटात घातले. गुरुपादबाबू उठले. पूर्णेला जाताच टपालात टाकतो म्हणाले, आणि पाकिटासाठी हात पुढं केला.

भागम्मानं त्या हाताकडं बघितलं, आणि पाकीट दिनकररावांच्या हातात दिलं.