झाकलेला ढीग

गॅसचा जुना कारखाना पाडून तिथे घरं उभी राहिली. कारखान्याने विषारी केलेली तिथली माती उपसायच्या कामावर जो मुकादम होता, त्याची छाती त्या कामाच्या अभिमानाने अजून फुगलेली असे. धाकट्या बहिणीला तळमजल्याचं घर घ्यायला त्यानेच भरीस पाडलं. "अगं, माती मी बदललीय," एवढंच तो म्हणाला, आणि तिने डोळे झाकून घर घेतलं.

आज तो आला तेव्हा ती अंगणातल्या वाफ्याला पाणी घालत होती, आणि छोटी भाची कोपरापर्यंत चिखलाने बरबटली होती. पाणी जिरलं तसा डांबरगोळ्यांचा वास आला. कपाट उघडं टाकलंस का, त्याने विचारलं. आमच्या कपाटात तसलं काही नसतं, बहीण म्हणाली, माती भिजली की वास येतोच. मुकादमाने मूठभर माती नाकाशी धरली. कारखान्याच्या घाण मातीला हाच वास यायचा.

कामावरची रीत साधी होती. ताडपत्रीखाली घाण माती, उघड्यावर बाहेरून आणलेली चांगली. दिसायला दोन्ही काळ्याच. चांगल्या मातीची तपासणी होऊन गेली आणि एका सुट्टीत वादळाने ताडपत्री उडवली. दुसऱ्या दिवशी सर्दीने त्याचं नाक चोंदलेलं, साहेबांची गाडी फाटकाशी आलेली. खरडपट्टी नको म्हणून त्याने घाईघाईत ताडपत्री हाताशी आला त्या ढिगावर ओढली. पुढे ट्रकवाल्यांनी इमानेइतबारे रीत पाळली. झाकलेलं लांब नेऊन पुरलं, उघडं अंगणाअंगणात पसरलं.

सगळ्याच अंगणांत. कुंपणापलीकडे कुणाचं तरी पोर खड्डा खणत खिदळत होतं.

तोंड मिटून बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. त्याने भाचीला उचलून नळाखाली धरलं आणि तिचे हात चोळचोळून धुतले. बहीण हसायला लागली, कधीपासून एवढा सोवळा झालास म्हणाली.

"सामान बांध," तो म्हणाला. "आजच निघायचं. इथे घाण माती पडलीय. माझ्याच हातून."

तिने नळ बंद केला.

"हिला माती खायची खोड आहे, दादा," ती म्हणाली. "मामाची माती म्हणून मी कधी अडवलंच नाही."