कोरलसाठी लावलेली झाडं

लिंडसे प्राउसने परसात गांजाची दोन झाडं लावली ती बायकोसाठी. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो साऱ्या गल्लीला सांगत सुटला होता. टपालवाल्याला सांगितलं, मीटर वाचायला आलेल्या मुलीला सांगितलं, आणि मला तर कुत्र्याला फिरवायला निघाले की गाठून सांगायचा. "कोरलच्या हातांसाठी करतोय गं, नेरिडा," असं म्हणून तो असा चेहरा करायचा की जणू स्वतःचं मूत्रपिंड काढून देतोय.

कोरलचे हात खरोखरच वाईट होते. संधिवाताने बोटांची पेरं सुजली होती. कॅनबेराची थंडी पडली की तिला कोटाची बटणंसुद्धा लावता येत नसत. मग ती कुंपणाशी येऊन मुकाट उभी राहायची आणि मी अलीकडून हात घालून तिची बटणं लावून द्यायचे. दुखण्याने झोप येत नसे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. मागचा हिवाळा तिने कसा काढला ते मी पाहिलं होतं, आणि पुढचाही तसाच काढायचा या विचारानेच ती खचून गेली होती. तेव्हा ते पीक नीट हाताशी येणं ही काही थट्टेची गोष्ट नव्हती. थट्टेची गोष्ट लिंडसे होता.

जन्मभर सरकारी खात्यात बसून त्याने 'काय काय बिघडू शकेल' याचे अहवाल लिहिले. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. आमच्या इथे घरामागे माणशी दोन झाडं लावायला कायद्याची ना नाही. पण विकायचं नाही, आणि फुकटसुद्धा दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. आता आमच्या गल्लीची रीत अशी की ज्याच्याकडे जे जास्त पिकेल ते कुंपणावरून पलीकडे जातं. माझी लिंबं त्यांच्याकडे, त्यांचे टोमॅटो माझ्याकडे, आणि झुकिनीच्या दिवसांत तर लोक रिकामी गाडीसुद्धा कुलूप लावून ठेवतात, नाहीतर कुणीतरी आत झुकिनी भरून जातं. लिंडसेला वाटलं, मीही टपूनच बसले आहे. रोपं वीतभर झाली तेव्हाच त्याने मला बजावलं, "तुला यातलं पानही देता येणार नाही हं. देणं म्हणजे पुरवठा, आणि पुरवठा म्हणजे गुन्हा." बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! मी मागितलं होतं कुठे? माझं शेरीच्या एका पेल्यावर छान भागतं.

कोरलला मात्र त्या झाडांना पाणी घालायचीही मुभा नव्हती. जास्त घालशील म्हणायचा. काकाकुवांनी शेंडे खुडू नयेत म्हणून त्याने वर जाळी बांधली, जाळीला घंटा बांधली. मार्च सरत आला, म्हणजे आमच्याकडे हिवाळा तोंडावर आला, तसा रोज सकाळी झग्यातच बाहेर येऊन तो फुलांवर भिंग धरून वाकायला लागला. फुलांवर चिकाचे बारीक ठिपके असतात, ते काचेसारखे स्वच्छ असतात तोवर कापायचं नाही, दुधाळ झाले की कापायचं, असं त्याचं म्हणणं. ते खरंही असेल. पण याचे ठिपके काही केल्या त्याच्या मनासारखे दुधाळ होईनात. कोरल म्हणाली, झाली असतील. तो म्हणाला, तुला काय कळतं. शेवटी हवामानवाल्यांनी दहिवर गोठेल इतकी थंडी पडणार असं सांगितलं तेव्हा झाडं करपतील म्हणून त्याची धावपळ उडाली, आणि गुड फ्रायडेच्या आधीच्या शनिवारी त्याने इर्जिक बोलावली.

इर्जिकीला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. कुंपण घालायचं असो की शाळेची बाग साफ करायची असो, सगळ्यांनी जमून एकाचं काम उरकायचं आणि त्याने सगळ्यांना भाजलेले सॉसेज आणि बिअर द्यायची. मी माझी नखांची कात्री घेऊन गेले. कोपऱ्यावरचा केल्विन आला. केल्विन आयुष्यभर पोलिसात होता. लोकांच्या परसातली हीच झाडं उपटून ट्रकात भरण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता नाकावर चष्मा चढवून तो एकेक पान अशा हळुवारपणे छाटत होता की त्याच्या बायकोने पाहिलं असतं तर तिला हेवा वाटला असता.

"पूर्वी एवढ्याशासाठी आम्ही लोकांची दारं फोडायचो," तो फूल उजेडाकडे धरून म्हणाला. "एका म्हाताऱ्याला तर मी रडवला होता." मग त्याने पुढची फांदी मांडीवर घेतली.

लिंडसेने चमकणारं केशरी जाकीट घातलं होतं. आधी त्याने आम्हाला सुरक्षेचं भाषण दिलं. कात्री टोकाकडून धरू नये. डोळ्यांना हात लावू नये. वाकताना गुडघ्यात वाकावं. आम्ही दोघं म्हातारे बागेतल्या खुर्च्यांवर बसलो होतो, आम्ही कुठे वाकणार होतो? मग झाडं कापली, फांद्या आमच्या मांडीवर दिल्या, आणि आम्ही मोठी पानं ओरबाडून फुलांभोवतीची बारीक पानं कात्रीने काढत गेलो. बोटं चिकाने अशी चिकटली की बिअरचा डबा धरला तर सुटेना. कात्री दर थोड्या वेळाने पुसावी लागत होती. वास म्हणाल तर मेलेल्या घोरपडीवर कुणी लिंबू पिळावं तसा.

कोरलही आपली जुनी शिवणाची कात्री घेऊन बसायला आली. लिंडसे सर्वांदेखत म्हणाला, "तू नको. तुझ्या त्या हातांनी फुलं चुरगळतील. तू खाली पडलेला कचरा गोळा करून हिरव्या डब्यात टाक." ज्या हातांसाठी हा सगळा खटाटोप, त्या हातांनाच शिवू देईना! मला त्याचा असा राग आला की मी एक फूल मुद्दाम वेडंवाकडं कापलं. कोरलने कात्री बाजूला ठेवली. तिने खाली अंथरलेल्या चादरीवरची पानं, देठ, कात्रीखाली पडलेले बारीक तुकडे सगळं गोळा केलं आणि चादरीची चारी टोकं धरून हळूहळू घरामागे निघून गेली.

संध्याकाळी निघताना लिंडसेने कपड्यांवरचे केस काढायचा चिकट रूळ आणला आणि आमच्या अंगावरून फिरवला. माझ्या लोकरी स्वेटरवरून दोनदा फिरवला. केल्विनला खिसे उलटे करायला लावले. पोलिसाची झडती घेणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. केल्विनने खिसे उलटे केले आणि वर म्हणाला, "सॉसेजचा तुकडा आहे, ठेवू का?"

आता प्रश्न आला वाळवायचा. फांद्या धुण्याच्या खोलीत दोऱ्या बांधून उलट्या टांगल्या. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर लिंडसे शिडीवर चढून त्या खोलीच्या खिडकीला रुंद चिकटपट्टी लावत होता. वरच्या हवेच्या जाळीलाही लावली. ईस्टरला अख्खं कॅनबेरा समुद्रावर जातं, तसे हे दोघंही जाणार होते. तोवर वास बाहेर जाऊ नये, कुणी पोर आत शिरू नये, कुणा शेजाऱ्याची नियत फिरू नये, असा सगळा विचार त्याने केला होता. दाराला नवं कुलूप आणलं. दाराखालच्या फटीत गार वारा अडवायला ठेवतात तो वाळू भरलेला कापडी साप दडपला. हात चांगले होते तेव्हा कोरलनेच शिवलेला होता तो.

कोरल म्हणाली, "खिडकी थोडी उघडी ठेव. कांदासुद्धा वाऱ्याशिवाय सुकत नाही."

"कांदा आणि हे एक नव्हे," तो शिडीवरूनच म्हणाला. "हे सावकाश वाळावं लागतं."

मी कुंपणावरून म्हटलं, किल्ली माझ्याकडे देऊन जा, मी रोज येऊन खिडकी उघडत जाईन. तर त्याने मला शिडीवरून खाली येऊन समजावलं की ज्याच्या हाती किल्ली त्याच्या ताब्यात माल, म्हणजे किल्ली देणं हाच पुरवठा. तीस वर्षं अहवाल लिहून माणसाचं असं होतं. मी म्हटलं, बरं बाबा. गाडीत बसताना कोरलने मला हात केला. बोटं दुमडलेलीच होती.

गल्ली रिकामी झाली. कोरलच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. गुड फ्रायडेला आभाळ भरून आलं तसं मला त्यांच्या मागच्या पडवीत दोरीवर कपडे दिसले. म्हटलं, बिचारी विसरून गेली, भिजतील, आत घेऊ या. जवळ गेले तर कोरलचे जुने जाड पायमोजे होते, तेही टम्म फुगलेले. वाऱ्यावर दोरीवरून कुणाचे तरी पाय लोंबावेत तसे डुलत होते. आमच्याकडे बायका कांदे ठेवतात तसे, पायमोज्यात भरून, मध्ये गाठी मारून. मी हात लावला तर आत कुरकुरलं. वासाने सगळा उलगडा झाला. हिरव्या डब्यात काही गेलंच नव्हतं. त्या आखडलेल्या बोटांनी तिने एवढ्या गाठी कशा मारल्या असतील याचं मला नवल वाटलं. लिंडसेने मात्र ते पाहिले असण्याची शक्यताच नव्हती. लग्न झाल्यापासून तो धुण्याच्या दोरीकडे फिरकलेला नाही.

मी ते मोजे पडवीत आणखी आत, पाऊस येणार नाही पण वारा लागेल असे सरकवून ठेवले. कायद्याने त्या क्षणी मी गुन्हेगार झाले असणार. केल्विनला सांगितलं नाही.

ते परतले तेव्हा गाडीतून सामानही न काढता लिंडसे आधी कुलपाशी गेला. मी आणि केल्विन सहज आल्यासारखे कुंपणाशी आलो. दार उघडलं आणि जो भपकारा आला त्याने केल्विन, ज्याने आयुष्यात मढीसुद्धा पाहिली आहेत, दोन पावलं मागे सरला. सगळ्या फांद्यांवर करडी, लवदार बुरशी चढली होती. फुलं उंदराच्या पिल्लांसारखी दिसत होती. भिंतीला पाणी सुटलं होतं. लिंडसेने एक फांदी हातात घेतली तर ती वाकली आणि धूर उडावा तशी धूळ उडाली.

मग दोष कुणाचा याची चौकशी सुरू झाली. घर बांधणाऱ्याचा, ज्याने खोली नको इतकी घट्ट बांधली. हवामानवाल्यांचा. माझा, कारण मी लक्ष ठेवलं नाही. शेवटी कोरलचा, कारण तिने निघायच्या आदल्या दिवशी त्या खोलीत कपडे धुतले होते. कोरलने सगळं ऐकून घेतलं. "सगळं हिरव्या डब्यात टाक," ती म्हणाली, आणि आपली पिशवी घेऊन मागच्या पडवीकडे गेली.

पुढच्या आठवड्यात सैनिकांच्या स्मृतिदिनासाठी सगळ्यांच्या घरी अँझॅक बिस्किटं भाजली गेली, ओट, खोबरं आणि काकवीची. कोरलनेही भाजली. वर्षानुवर्षं तिने पीठ मळलं नव्हतं, तरी दोन घाणे काढले. एक सगळ्यांसाठी, मोठ्या डब्यात. दुसरा छोट्या, निळ्या डब्यात, स्वतःसाठी. त्यातल्या लोण्यात पायमोज्यांतली पानं तासन्‌तास मंद आचेवर राहिली होती. वास लपणार थोडाच होता? पण लिंडसे बुरशीच्या शोकात असल्यामुळे त्याला वाटलं, खोलीचाच वास अजून गेला नाही.

स्मृतिदिनाची पहाटेची प्रार्थना आटोपून आम्ही चौघं त्यांच्या स्वयंपाकघरात चहाला बसलो. बाहेर गवत गोठलेल्या दहिवराने पांढरं पडलं होतं. कोरल म्हणाली, तीन रात्री झाल्या, मी सलग झोपते आहे. सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली. लिंडसेने कपातून मान वर केली. त्याने निळ्या डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. सगळं त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत माझा अर्धा चहा संपला.

"तो कचरा होता," तो म्हणाला.

"हो. तू टाकलास, मी उचलला."

लिंडसेचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्याचीही कंबर दुखते, हे खरं आहे. कमरेचं गाऱ्हाणं त्याने आम्हाला पुष्कळदा सांगितलं आहे. त्याने डब्याकडे हात नेला आणि हळूच म्हणाला, "एक दे की."

कोरलने डबा आपल्याकडे ओढला. "देता येत नाही. देणं म्हणजे पुरवठा."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"केल्विनला विचार."

लिंडसेने खरंच केल्विनकडे पाहिलं. केल्विन मोठ्या डब्यातलं साधं बिस्कीट खात होता. त्याने ते शेवटपर्यंत चावून खाल्लं, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "कायद्यात नवऱ्याला सूट नाही, बाबा. मी तुला रूळ आणून देऊ का अंगावरून फिरवायला?"

मी हसले, लपवलं नाही. लिंडसे मात्र हसला नाही. आता तो जे म्हणाला ते त्याने अगदी मनापासून म्हटलं, खोटं नव्हतं. "कोरल, अगं, पण ती झाडं मी तुझ्यासाठीच तर लावली होती."

"हो ना," कोरल म्हणाली. "म्हणून तर मीच खातेय."

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग माझ्याबरोबर फिरायला यायचं म्हणून उठली, कोट अंगात घातला, आणि मी हात पुढे केला होता तो तसाच राहिला. वरचं बटण तिने स्वतःच लावलं, मग मधलं. शेवटच्याला जरा वेळ लागला, पण आम्ही सगळे थांबलो.